चिंचोक्यांची लिपी

दुपारची खिचडी खाऊन झाली, ताटं धुऊन झाली, की आमच्या शाळेतली पोरं ती वऱ्हांड्याच्या कडेला उन्हात पालथी घालतात. पालथं ताट दिसलं की त्यावर कुणाचं तरी बोट पडतंच. आधी एकाचं पडतं. मग शेजारचा त्या दोन ठोक्यांमधल्या जागेत आपला ठोका बसवतो. तिसरी आपलं ताट जरा तिरकं धरते, म्हणजे आवाज बारीक निघतो. दोन-तीन मिनिटांत पाच-सहा जणांचा घट्ट ठेका तयार होतो. तो कुणी शिकवलेला नसतो, कुणी मोजून दिलेला नसतो. तेवढ्यात वर्गातून आवाज येतो, ‘‘ए, चूप बसा रे!’’ हा आवाज कित्येक वर्षं माझाच होता. त्यानंतर अर्ध्या तासाने त्याच पोरांना ओळीत बसवून मी पेटी काढायची आणि संगीताचा तास सुरू करायची.

ताटांवरचा तो ठेका आणि पेटीवरचा तो तास यांची गाठ घालून द्यावी, एवढ्यासाठी हे पुस्तक. कोरपना, राजुरा आणि जिवती या तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांमधले आम्ही काही शिक्षक शिक्षण परिषदेच्या निमित्ताने भेटायचो. परिषद संपली की चहाला थांबायचो, आणि बोलणं फिरून फिरून मुलांच्या गाण्या-वाजवण्यावर यायचं. कुणीतरी सुचवलं, बोलतो ते लिहून ठेवू. त्या वह्यांमधल्या नोंदी पुढच्या पानांवर आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलांनी स्वतः काय रचलं, कुठं अडली, कशावरून भांडली, आम्ही त्यात कधी हात घातला आणि कधी मागे सरलो, याचा हा हिशेब आहे. गाण्यांचा संग्रह म्हणून कुणी पुस्तक उघडलं तर निराशा होईल. पाठ करून घ्यावं असं यात फार थोडं आहे.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, अलीकडे कोरपना, आणि दक्षिणेला तेलंगणाची हद्द. राजुऱ्याचा हा सगळा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात निजामाचे दिवस अजून येतात. वर काळी कापसाची जमीन, खाली चुनखडी. त्या चुनखडीमुळे आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा इथं सिमेंटचे कारखाने उभे राहिले. रस्त्यावरून रात्रंदिवस सिमेंटचे ट्रक जातात आणि हिवाळ्यात त्यांच्या मधून कापसाच्या गाड्या वाट काढतात. माणिकगडच्या डोंगराकडे वळलं की सागाचं रान आणि कोलामांचे गुडे लागतात. एका वर्गात पंचवीस मुलं असली तर त्यांच्या घरी चार भाषा असू शकतात : गोंडी, कोलामी, तेलुगू किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी, आणि या बाजूची मराठी. पुस्तकातली मराठी ही वर्गातली पाचवी. वाचायला उभं केलं की खाली मान घालणारं मूल ताट वाजवताना मान वर करतं, हे समजायला मला फार वेळ लागला.

आणि ही मुलं शाळेत रिकाम्या हाताने येत नाहीत. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे असताना झडत्या म्हणतात, त्या मुलं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन म्हणतात. झडतीला ठरलेला साचा आहे, चाल आहे, शेवटी महादेवाचा गजर आहे. पण मधल्या ओळी दरसाल नव्या होतात. कापसाचा भाव, न पडलेला पाऊस, गावातला एखादा नवा ट्रॅक्टर, कशावरही. साचा पक्का आणि आतली जागा मोकळी. आठ-नऊ वर्षांचं पोरगं गर्दीसमोर उभं राहून नवी ओळ जोडतं, ती बसली नाही तर लोक हसतात, बसली तर गजर मोठा होतो. सर्जनशीलता शिकवायची कशी, असा प्रश्न प्रशिक्षणात विचारला जातो तेव्हा मला या झडतीची आठवण होते.

माझ्या माहेरी, वर्धेकडे, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आम्ही भुलाबाईची गाणी म्हणायचो. तिथं शिकवणारी कुणी नव्हती. मोठ्या पोरी म्हणायच्या, आम्ही धाकट्या मागून ओढत जायचो, दुसऱ्या वर्षी शब्द यायचे, तिसऱ्या वर्षी आम्ही पुढे. इकडच्या गावांत संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना असते आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी अजून वाजते. महाराज १९६८ मध्ये गेले, तरी तिसरीतल्या पोराच्या मनगटात ती खंजिरी आहे. बापाच्या मांडीजवळ बसून उचललेली. गोंडांच्या गावी दिवाळीच्या सुमाराला दंडारी निघते. मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी, तुडूम, पेपरे, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणचाराला जाणारा तांडा. त्यात लहान पोरंही असतात. कुणी त्यांना पावलं मोजून शिकवत नाही. ती मोठ्यांच्या मागे राहतात आणि शिकतात. इथून दक्षिणेला आसिफाबाद भागातल्या मार्लवाईला १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ राहिले आणि गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र तिथं उभं राहिलं, गोंडीत वाचनपाठ निघाले. त्याच मार्लवाईचे कनक राजू यांना गुसाडी नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एकाच गावात मातृभाषेतून शिक्षणाचा प्रयोग आणि नाचाची परंपरा. आपल्या शाळांनी या शेजाऱ्याकडे अधिक पाहायला हवं होतं.

शाळेच्या बाजूने व्यवस्था काय आहे तेही स्पष्ट सांगायला हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. कला शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीसाठी, तोही पट शंभरच्या वर गेला तर. म्हणजे इथल्या बहुतेक प्राथमिक शाळांत संगीताचा शिक्षक येणारच नाही. जो कुणी गणित शिकवतो, शौचालयाची दुरुस्ती पाहतो, पोषण आहाराचे तांदूळ मोजून घेतो, तोच गाणं घेणार. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक हाती असतं आणि त्यात मुलांना करू देण्याच्या कितीतरी चांगल्या जागा आहेत. पण आपल्याला गाता येत नाही या भीतीने शिक्षक मोबाइलवर गाणं लावतो आणि मुलांना मागे म्हणायला सांगतो. या शिक्षकांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. उलट हे पुस्तक त्यांच्यासाठीच लिहिलं आहे, कारण मुलांना रचू देण्यासाठी शिक्षकाला गाता यावंच लागतं असं नाही. ऐकता यावं लागतं.

माझी अडचण उलटी होती. मला गाता येत होतं. गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा मी दिल्या होत्या, पेटी बरी वाजायची, आणि नोकरीच्या पहिल्या शाळेत सव्वीस जानेवारीच्या समूहगीताची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. चौथीतला एक मुलगा सुराला लागायचा नाही. आवाज मोठा, खणखणीत आणि भलतीकडेच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी त्याला जवळ घेऊन, अगदी मायेने, सांगितलं, ‘‘तू उभा राहा, फक्त ओठ हलव.’’ त्याने ऐकलं. गीत चांगलं झालं, कौतुक झालं. नंतर वर्षभर तो मुलगा परिपाठाच्या प्रार्थनेतही ओठच हलवत राहिला. मी त्याला शिक्षा केली नव्हती, रागावले नव्हते. तरीही एका माणसाचं गाणं मी बंद केलं होतं. ही नोंद माझ्या वहीत पहिली आहे, आणि सहकाऱ्यांनी नको म्हटलं तरी पुस्तकातही ती पहिलीच ठेवली आहे.

बदल सागाच्या पानापासून सुरू झाला. कॅनडाचे संगीतकार मरी शेफर शाळांतून मुलांसोबत काम करायचे. त्यांचं ‘द कंपोझर इन द क्लासरूम’ १९६५ चं. त्यांचा एक खेळ आहे : कागदाचा एक ताव वर्गभर हातोहात फिरवायचा, जराही आवाज न करता. मी हे वाचलं तेव्हा फेब्रुवारी होता, शाळेमागे सागाचा पालापाचोळा गुडघाभर साचला होता. सुपाएवढं वाळलं पान घेतलं. वाळल्या सागाच्या पानाला नुसता वारा लागला तरी ते कडकड बोलतं. चोवीस मुलांनी ते पान दोन्ही तळव्यांवर झेलत एकमेकांकडे दिलं. कुरकुर झाली की पान परत पहिल्याकडे. अकराव्या मुलापर्यंत पोचायला आठवडा लागला. त्या आठवड्यात वर्गाला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. भिंतीवरची पाल, लांबचा पंप, ट्रकचा गिअर बदलल्याचा आवाजही. ‘चूप बसा’ म्हणून जी शांतता मला कधी मिळाली नव्हती ती मुलांनी आपणहून तयार केली, कारण आता ती त्यांना हवी होती.

मग मी घरचा अभ्यास दिला. संध्याकाळी अंगणात दहा मिनिटं बसायचं आणि ऐकलेलं लिहून आणायचं. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावं. याद्या आल्या : बोअरचा पंप, कोंबड्या, आजोबांचा खोकला, रिव्हर्स घेणारा ट्रक, चुलीत फुटणारी तुराटी, फोनवरचं गाणं. आणि जवळजवळ सगळ्यांच्या यादीत खाणीतला सुरुंग. आधी भोंगा वाजतो, मग सगळं थांबल्यासारखं होतं, मग स्फोट, मग कुत्री. मी वर्गाचे गट केले आणि एवढंच सांगितलं की यादीतलं काहीही घ्या, एका मिनिटात वाजवता येईल असं काहीतरी बांधा. अट एकच. दोनदा वाजवलं तर दोन्ही वेळा तेच वाजलं पाहिजे.

ही अट लहान दिसते, पण या पुस्तकातल्या निम्म्या नोंदी तिच्यातून निघाल्या आहेत. ती नसेल तर मुलं मजेत गोंगाट करतात आणि दहा मिनिटांत कंटाळतात. ती असली की लक्षात ठेवावं लागतं, ठरवावं लागतं, आणि ठरवायचं म्हटलं की भांडण आलंच. सुरुंग घेतलेल्या गटात पाच जण होते. वस्तू त्यांनीच जमवल्या. स्फोटाला तेलाचा रिकामा पिपा. दगड कोसळण्याला गुलमोहराच्या वाळक्या शेंगा, ज्या हलवल्या की आतल्या बिया खुळखुळतात. ओढ्यातून आणलेला चुनखडीचा एक पातळ चपटा तुकडा दोरीला टांगला, तो गोट्याने मारला की काशाच्या भांड्यासारखा वाजायचा. ज्या दगडाचं सिमेंट होतं तो दगड गातोही, हे मला त्या दिवशी कळलं. भोंगा तोंडाने. पहिला दिवस धडाम कुणी करायचं यावरच गेला. ‘‘मी करतो ना बे!’’ ‘‘काहून? पिपा माह्या घरचा आहे!’’ मी वह्या तपासत बसल्यासारखं दाखवलं. उठून निवाडा करायला हात शिवशिवत होते, ते दाबून ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांना खरी अडचण सापडली. भोंगा संपल्यावर किती थांबायचं? एक जण म्हणाला, लगेच धडाम. दुसरा म्हणाला, ‘‘नाही बे, थांबा लागते. तवाच तं भेव लागते.’’ ते थांबणं दरवेळी कमी-जास्त व्हायचं आणि सगळं विस्कटायचं. आकडे मोजून पाहिले, तर मनातल्या मनात मोजताना प्रत्येकाची चाल वेगळी. गटात कोलाम गुड्यावरची एक मुलगी होती. वर्षभरात तिने वर्गात दहा वाक्यंसुद्धा बोललेली मला आठवत नाहीत. ती काही बोलली नाही. नुसती टाच उचलून जमिनीवर टेकवत राहिली, आवाज न करता, एकसारखी. सात वेळा. सातव्याला पिपेवाल्याकडे पाहिलं. त्याने मारलं, आणि ते बरोबर बसलं. त्यानंतर गटाचे डोळे तिच्या टाचेवर. कुणी तिला पुढारी नेमलं नव्हतं.

लक्षात राहावं म्हणून त्यांनी फरशीवर चिंचोके मांडले. खेळायला घासून अर्धे पांढरे केलेले चिंचोके प्रत्येकाच्या खिशात असतातच. काळी बाजू वर म्हणजे जोरात, पांढरी वर म्हणजे हळू, दोन जवळजवळ म्हणजे लगोलग. थांबायचं तिथं मोकळी जागा. तासाच्या शेवटी पहिलीतलं एक पोरगं त्या ओळीवरून चालत गेलं, चिंचोके सरकले, आणि मोकळी जागा किती होती हे कुणालाच सांगता येईना. वाजवायच्या खुणा परत मांडता आल्या, न वाजवायच्या हरवल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने खडू घेतला आणि मोकळ्या जागेत गोल काढला, रिकामा. एक, दोन, करत सात. ‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘चूप राहाचं बी लिहा लागते.’’

त्याच क्षणी मी फळ्याकडे गेले, कारण आता शिकवायची वेळ झाली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या संगीतासाठी जी लेखनपद्धती बसवली तीत समेला फुलीसारखी खूण असते आणि खालीला शून्य. मी त्रितालाच्या सोळा मात्रा लिहिल्या, नवव्या मात्रेखाली शून्य काढलं आणि टाळी देऊन दाखवली : इथं हात वाजत नाही, हवेत उघडतो. खाली म्हणजे शांतता नव्हे, तबल्यावर तिथंही बोल असतो, हा फरकही सांगितला. मुलांनी तो लगेच धरला, कारण त्यांच्या हातात तुलना करायला स्वतःचं काहीतरी होतं. हाच त्रिताल मी आधीच्या वर्षी दुसऱ्या एका वर्गाला तीन आठवडे घोकून घेतला होता. त्यांना तो पाठ झाला होता. यांना तो पटला. इथल्या एका पोराने काढलेलं रिकामं वर्तुळ आणि पंडितजींचं शून्य एकाच फळ्यावर शेजारी होतं, आणि पोरं त्या दोघांकडे सारख्याच गंभीरपणे पाहत होती.

मुलांच्या पुढाकाराने शिकणं म्हणजे शिक्षकाने खुर्चीवर बसून राहणं, असा समज आहे, आणि ज्ञानरचनावादाच्या नावाखाली तसं होतानाही दिसतं. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर आमच्या शाळांच्या फरश्या अक्षरं, अंक, नकाशे यांनी रंगल्या. चांगलंच झालं. पण रंगवलेली फरशी म्हणजे रचना नव्हे. रचना मुलाच्या हातून व्हायची असते, आणि ती होण्यासाठी शिक्षकाला आधी बरंच काही करावं लागतं. अट कोणती घालायची, वेळ किती द्यायचा, कोणत्या वस्तू हाताशी ठेवायच्या, कुठल्या भांडणात पडायचं नाही, आणि नेमकं कधी फळ्याकडे जायचं. माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. लवकर गेलं तर मुलांचा शोध हिरावतो. उशीर झाला तर मूल त्याच त्या ठिकाणी फिरत राहतं आणि त्याला वाटतं, आपल्याला एवढंच जमतं. पुढच्या नोंदींत आमचे दोन्ही प्रकारचे अंदाज चुकलेले दिसतील.

हा विचार आम्हाला इथं एकाएकी सुचला असंही नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम आखला, आणि सूतकताई-शेतीच्या त्या अभ्यासक्रमात संगीतालाही जागा होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागड्या साधनांऐवजी अंगणातल्या वस्तू आणि मुलांच्या ओळखीची गाणी घेऊन शाळा मुलांकडे नेण्याची वाट त्यांनी दाखवली. हंगेरीत झोल्तान कोडाय यांचा आग्रह होता की मुलाचं पहिलं संगीत त्याच्या मातृभाषेतलं लोकगीत असावं. जर्मनीत कार्ल ऑर्फ यांनी बोलणं, चालणं आणि साध्या ठोक्यांतून मुलांना रचना करायला लावलं. इंग्लंडमध्ये जॉन पेंटर आणि पीटर अ‍ॅस्टन यांचं ‘साउंड अँड सायलेन्स’ १९७० मध्ये आलं, आणि चित्रकलेच्या तासाला मूल चित्र काढतं तर संगीताच्या तासाला त्याने संगीत का रचू नये, हा प्रश्न तिथल्या शाळांत ऐरणीवर आला. ल्यूसी ग्रीन यांनी बँडमध्ये वाजवणारी तरुण मुलं मित्रांत बसून, ऐकून ऐकून कशी शिकतात ते पाहिलं आणि तीच रीत वर्गात आणली. त्यांचं काम वाचताना मला माझी भुलाबाई दिसत होती. मोठ्यांच्या मागे धाकट्या, आणि मध्ये कुणी बाई नाही.

शास्त्रीय संगीतातले काही जाणकार यावर नाराज होतील, हे मला ठाऊक आहे. आधी गुरूसमोर बसून हुबेहूब उचल, वर्षानुवर्षं रियाज कर, मग स्वतःचं काही. या शिस्तीबद्दल मला आदर आहे, मी तिच्यातच वाढले. पण आठ वर्षांचं मूल गुरूकडे गेलेलं नाही, त्याला शाळेत पाठवलं आहे. आणि उपज हा शब्द त्याच परंपरेने आपल्याला दिला. रागाच्या चौकटीत त्या क्षणी सुचलेलं गाणं ही जिथं सर्वांत मोठी गोष्ट मानतात, तिथं सुचण्याची सवय चाळिशीपर्यंत राखून ठेवायची, हे मला आता पटत नाही. नक्कल आणि निर्मिती यांचं वैरही नाही. झडती म्हणणारं पोरगं आधी दहा जुन्या झडत्या पाठ करतं.

एक हरकत मात्र रास्त आहे. मुलांना निवडू दिलं तर ती डीजेची गाणी आणतात. आणतातच. लग्नाच्या वरातीत छातीत घुमणारा तो ठोका त्यांना सगळ्यांत जास्त आवडतो. पहिल्यांदा मी नाक मुरडलं. मग एका सहकाऱ्याने त्याच्या वर्गात उलट केलं. ते गाणं एकदा ऐकवलं आणि विचारलं, ठोका कधी गायब होतो? मुलांना सापडलं की सगळ्यांत जोराचा ठोका येण्याआधी गाणं क्षणभर रिकामं होतं. त्यांनी ते ताटांवर करून पाहिलं. सुरुंगाच्या गटाला जे सात टाचांत सापडलं तेच यांना वरातीच्या गाण्यात सापडलं. तरीही मुलं शाळेत निव्वळ तेवढंच ऐकत-वाजवत राहिली तर शिक्षक म्हणून आपण कमी पडलो, असं मी म्हणेन. मुलाची आवड ही सुरुवातीची जागा आहे. मल्लिकार्जुन मन्सूर यांचं गाणं त्याच्या कानावर घालणं हे आपलं काम, ते मूल आपणहून मागणार नाही, कारण त्याला ते आहे हेच माहीत नाही.

दुसरी मर्यादा मला एका वडीलधाऱ्या गोंड माणसाने दाखवली. स्नेहसंमेलन होतं जानेवारीत. मुलांनी ठरवलं, दंडारी करू, आणि मुलांचा निर्णय म्हणून मी खूश. वाद्यं मागायला मुलांसोबत त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाणी दिलं, बसायला खाट दिली आणि शांतपणे नाही म्हणाले. त्या वाद्यांची पूजा होते, ती ठरलेल्या दिवसांत बाहेर निघतात, त्या दिवसांनंतर ती झोपलेली असतात, असं त्यांनी सांगितलं. मुलांना हे माहीत होतं. मी इतकी उत्साहात होते की त्यांना ते मला सांगायला जागाच मिळाली नाही. मुलांचा पुढाकार म्हणून ज्याला मी समजत होते तो माझाच होता. त्या वर्षी मुलांनी डोंगरातल्या पाण्याच्या हंड्यांवर स्वतःचं काहीतरी बसवलं. पुढच्या दिवाळीला त्या आजोबांनी आम्हाला गावात बोलावलं, आणि चौथीतल्या एका मुलाचा हात किंचित आधी पडतो हे त्यांनी मला दाखवलं. मला ते ऐकू आलं नव्हतं.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. नोंदी इयत्तांप्रमाणे लावलेल्या नाहीत, कारण आमच्या बहुतेक वर्गांत दोन इयत्ता एकत्र बसतात. साधनांची यादी मुद्दाम दिली नाही. आमच्याकडे साग आणि चुनखडी आहे, तुमच्याकडे नारळाच्या करवंट्या असतील. गुण कसे द्यायचे हे पुष्कळ जण विचारतात. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत मी आता ‘सुरात गातो’ असं लिहीत नाही. काय बांधलं, काय बदललं आणि का बदललं, एवढं लिहिते. केंद्रप्रमुखांनी ते वाचून एकदा मला एका मुलाबद्दल खोदून विचारलं होतं, आणि त्या मुलाबद्दल आम्ही अर्धा तास बोललो. श्रेणी लिहिली असती तर ते पान उलटलं गेलं असतं. मुलांची नावं कुठंही दिलेली नाहीत. त्यांच्या रचना छापण्याआधी त्यांना आणि घरच्यांना विचारलं आहे. दोन घरांनी नको म्हटलं, त्या रचना इथं नाहीत.

सुरुंगाच्या गटातल्या त्या कोलाम मुलीची एक नोंद शेवटी आहे. त्या वर्षाच्या अखेरीस तिने कोलामीत आठ ओळींचं गाणं बांधलं, पाणी भरायला जाण्याचं, सातव्या टाचेवर थांबणारं. मी ते तिच्या तोंडून ऐकून देवनागरीत उतरवून घेतलं. ती आता आश्रमशाळेत आठवीला आहे. दिवाळीच्या सुटीत घरी आली तेव्हा छपाईला जाणारी पानं मी तिला दाखवायला नेली. तिने सगळं वाचलं, माझ्याकडचं पेन मागून घेतलं, दोन शब्दांतले स्वर खोडून ऱ्हस्वाचे दीर्घ केले आणि एका ओळीच्या शेवटी मी जिथं पूर्णविराम दिला होता तिथं छोटा गोल काढला. ते गाणं तिने दुरुस्त केलं तसंच छापलं आहे, गोलासकट.